रागावलेल्या लेकरांचं श्राद्ध

अनंत चतुर्दशीला गणपती गेले की पुण्याचा आवाज एका रात्रीत उतरतो. मांडवांचे बांबू सुटू लागतात, सराफांची दुकानं शांत होतात आणि मंडईत अळू, गवार, भेंडी, कारली, तांबडा भोपळा यांचे भाव चढतात. भाद्रपदाचा वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष, लागतो. ज्यांच्या घरी वास्तुशांत किंवा नवी खरेदी ठरलेली असते ती मंडळी घटस्थापनेपर्यंत थांबतात. आम्हा पौरोहित्य करणाऱ्यांची मात्र या पंधरवड्यात सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत एका घरातून दुसऱ्या घरात धावपळ असते.

बँकेतली नोकरी संपल्यावर मी पौरोहित्य शिकले. पुण्यात बाईनं हे काम करण्याचं आता कुणाला फारसं नवल वाटत नाही, पण त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. शंकरराव थत्ते यांनी १९७०च्या दशकात इथे बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. पुढे ज्ञान प्रबोधिनीच्या संत्रिका विभागानं संस्कारविधींच्या सार्थ पोथ्या तयार केल्या, वर्ग चालवले. त्याच्या कितीतरी आधी साकोरीला उपासनी महाराजांच्या आश्रमातल्या कन्या वेदपठण आणि यज्ञयाग करत होत्या. या सगळ्यांनी आधी वाट पाडली म्हणून माझ्यासारखीला निवृत्तीनंतर पोथी हातात घेता आली. कुणी मला ताई म्हणतात, कुणी गुरुजी.

लग्नं, बारशी, सत्यनारायण यांत माणसं आनंदात असतात आणि सगळ्या घरांतला आनंद थोड्याफार फरकानं सारखाच असतो. पक्षाचं तसं नसतं. पक्षात माणूस आईवडिलांचं नाव घ्यायला पाटावर बसतो, आणि त्या नावासरशी त्याच्या मनात काय वर येईल हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. सगळ्यांच्या मनात आईबापांविषयी माया आणि कृतज्ञताच असते असं आपण धरून चालतो. निमंत्रणाच्या मजकुरात तसं लिहितो, फोटोखाली तसं लिहितो, जेवताना तसंच बोलतो. इतक्या घरांत पाटाशेजारी बसल्यावर मला कळलं आहे की पुष्कळांच्या मनात मायेबरोबर राग असतो. कुठे अपराधीपणा असतो, कुठे सुटकेची भावना असते आणि तिची लाज असते. काहींच्या मनात काहीच नसतं, आणि त्या काहीच नसण्याची त्यांना भीती वाटते. अशी माणसं या दिवसांत एकटी पडतात. त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे.

आधी विधीविषयी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. यजमान दक्षिणेकडे तोंड करून बसतो. अनामिकेत दर्भाचं पवित्रक असतं. पूर्वजाचं गोत्र, नाव आणि आपलं त्यांच्याशी नातं उच्चारून अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून काळे तीळ घातलेलं पाणी सोडायचं, हे तर्पण. पितरांना भाताचे पिंड द्यायचे. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप अशा तीन पिढ्या एका ओळीत बोलावल्या जातात. आईच्या बाजूच्याही तीन पिढ्यांची नावं येतात. मग काका, मामा, आत्या, मावशी, भावंडं, सासरची माणसं, गुरू, मित्र. आणि शेवटी ज्यांना आई नाही, बाप नाही, सोयरा नाही, मित्र नाही, अशा सर्वांसाठी पाणी सोडायचं. सुरुवातीला पितरांना या म्हणायचं असतं आणि शेवटी त्यांना निरोप द्यायचा असतो.

एकदा पन्नाशीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. आईचं ते मनापासून करत. वडिलांचं नाव घ्यायची वेळ आली की तोंड कडू होतं, म्हणाले. वडिलांनी दारूपायी घरातली भांडी विकली होती, आईवर हात टाकला होता, आणि शेवटची काही वर्षं याच मुलाकडून सेवा करून घेतली होती. “त्यांचं वगळून करता येईल का, ताई?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “वगळायचंच असेल तर मी अडवणार नाही. पण त्याआधी विधी तुमच्याकडून काय मागतो ते ऐका.” वडील फार चांगले होते असं म्हणायला विधी सांगत नाही. त्यांना क्षमा केली असं म्हणायलाही सांगत नाही. तो गोत्र मागतो, नाव मागतो, नातं मागतो, तीळ आणि पाणी मागतो. हे वडील होते आणि मी त्यांचा मुलगा आहे, एवढंच त्यात म्हटलेलं आहे, आणि तेवढं तर खरंच आहे.

ते बसले. वडिलांचं नाव त्यांनी घाईघाईत, दात आवळून घेतलं. पुढे आजोबांचं नाव घ्यायचं होतं. ते उच्चारल्यावर त्यांचा हात थांबला. मी वाट पाहिली. विधी संपल्यावर त्यांनी सांगितलं की आजोबांनी दुसरं लग्न केलं तेव्हा वडील लहान होते आणि त्यांना नातेवाइकांकडे टाकून दिलं होतं. हे त्यांना माहीत होतं, पण आजवर त्याचा विचार मनात आला नव्हता. “राग आहेच, ताई,” ते म्हणाले. “पण ते कुणाचं तरी पोर होते हे मी कधी धरलंच नव्हतं.”

वसु, रुद्र, आदित्य या ओळीचं मोल मला त्या दिवशी नीट कळलं. आपण मनात आईवडिलांना एकटं उभं करून त्यांच्याशी भांडत असतो. तर्पणात ते एकटे येत नाहीत. त्यांच्यामागे त्यांचे आईबाप येतात, त्यांच्यामागे आणखी एक पिढी येते. वडिलांचा दोष यानं पुसला जात नाही, आणि पुसला जावा असं मी कुणाला सांगत नाही. मात्र घरातलं दुःख कुठून कुठे आलं हे दिसतं, आणि ते आपल्यापाशी थांबवायचं की मुलांच्या पदरात टाकायचं याचा विचार माणूस करू लागतो.

दुसरी एक बाई माझ्या मनातून जात नाही. ती एकुलती एक मुलगी. आईला स्मृतिभ्रंश झाला होता आणि कित्येक वर्षं हिनं एकटीनं तिचं सगळं केलं होतं. शेवटी शेवटी आई हिला ओळखतही नव्हती, कधी चोर समजून ओरडायची. पक्षात श्राद्धाला बसल्यावर हिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मागे बसलेल्या एका नातेवाईक बाईंनी ते कुजबुजून दाखवलं, आणि ती कुजबुज हिला ऐकू आली. सगळे जेवायला उठल्यावर ती माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, “आई गेली त्या रात्री मी सलग झोपले. कितीतरी वर्षांनी. त्या झोपेची मला अजून लाज वाटते.”

तिला मी मातृषोडशीविषयी सांगितलं. गयेला आईसाठी सोळा पिंड देतात. प्रत्येक पिंडाबरोबर आईनं आपल्यासाठी सोसलेला एकेक कष्ट आठवायचा असतो: गर्भाचं ओझं, प्रसूतीच्या वेणा, जागरणं, बाळाच्या शी-शूनं ओलं झालेलं अंथरूण. या यादीत मोठे शब्द फारसे नाहीत, शरीरानं उपसलेले कष्ट आहेत. मी तिला म्हटलं, “हे सगळं तू तुझ्या आईसाठी केलंस. ओली चादर बदललीस, रात्री जागलीस, तिला भरवलंस. शास्त्रानं ज्या कामांना पिंड देण्याच्या योग्यतेचं मानलं ती तू आधीच केली आहेस. आता रडू आलं नाही तर आणायचं नाही.” तेव्हा मात्र ती खूप रडली. मी पोथी बांधायची थांबले आणि तिच्याजवळ बसून राहिले.

दीर्घ आजारपणात सेवा केलेल्या माणसांना श्राद्धाच्या वेळी रडू न येणं मी अनेकदा पाहिलं आहे. त्यांचं रडणं आजारपणातच होऊन गेलेलं असतं. आई आई राहिली नाही तेव्हाच त्यांनी तिला थोडं थोडं गमावलेलं असतं. लांब राहणारी, महिन्याकाठी फोन करणारी भावंडं या दिवशी हमसून रडतात, आणि ज्यानं बेडपॅन उचललं तो स्वयंपाकघरात पानं मांडत असतो. रडण्यावरून माया मोजू नये, एवढं मी आता प्रत्येक घरात आधीच सांगून ठेवते.

कोविडनंतरचे पक्ष वेगळे होते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातली देवळं बंद होती, नदीच्या घाटांवर गर्दी करायला मनाई होती. आम्ही फोनच्या पडद्यावरून विधी सांगितले. परदेशातली मुलं किराणा दुकानातून काळे तीळ आणून स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन बसायची, दक्षिण दिशा फोनवरच्या होकायंत्रात शोधायची. त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी एरवी घट बसतात, त्या वर्षी मध्ये पुरा महिना गेला. अनेकांनी मला तेव्हा सांगितलं की हा पक्ष संपतच नाहीये असं वाटतं.

दुसऱ्या लाटेत एप्रिल-मे २०२१ मध्ये गेलेल्यांची वर्षश्राद्धं पुढच्या उन्हाळ्यात आली, आणि २०२२च्या पक्षात त्यांची मुलं पाटावर बसली. ही मुलं नाव घेताना अडखळत. रुग्णवाहिकेत बसवलेली आई परत दिसली नव्हती. वडिलांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं होतं. पाणी द्यायला कुणी नव्हतं, तोंडही बघता आलं नव्हतं. एक मुलगा तर्पणाच्या वेळी पाणी सोडायचा आणि पुन्हा भांडं भरायचा. मी त्याला थांबवलं नाही. शेवटच्या दिवसांत वडील पाणी मागत होते, असं त्याला इस्पितळातल्या कुणीतरी सांगितलं होतं. विधीत तीन ओंजळींचं विधान आहे, त्यानं किती सोडल्या ते मी मोजलं नाही.

या मुलांच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला होता: मी जास्त धावपळ केली असती तर? याला उत्तर देण्याचं ज्ञान माझ्याजवळ नाही. ती खाटांची टंचाई, प्राणवायूची टंचाई, तो गोंधळ सगळ्या देशाचा होता आणि एका मुलाच्या खांद्यावर तो टाकता येत नाही, एवढं मी म्हणू शकत होते आणि तेवढं म्हणत होते. काहींना मी समुपदेशकाकडे जायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं टेली-मानस ही मोफत सेवा सुरू केली. तिचा १४४१६ हा क्रमांक मी पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे आणि आजही देते. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर केवळ विधीवर विसंबू नये. श्राद्धानं मनाला आधार मिळतो. आजारी मनाला औषधही लागतं.

आता त्यांच्याविषयी, ज्यांना हा विधी करायचाच नसतो. एका घरात थोरल्या भावानं मला बोलावलं होतं. धाकटी बहीण यायला तयार नव्हती, आणि सगळं घर तिच्यावर चिडलं होतं. भावानं मला विनंती केली की तुम्ही बाई आहात, तिला समजवा. मी तिला फोन केला. लहानपणी वडिलांनी तिच्याशी जे केलं होतं ते तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. मग विचारलं, “मी पाणी दिलं नाही तर त्यांना गती मिळणार नाही, असं दादा म्हणतो. खरं आहे का?”

मी तिला सांगितलं की त्यांच्या गतीचा भार तिच्यावर नाही. तिनं येऊ नये. मनात आलं तर घरी बसून, कुणाचंही नाव न घेता, ज्यांना कुणी नाही अशांसाठीचं पाणी सोडावं. त्या ओंजळीत लहानपणीची ती स्वतःही बसते, जिच्या बाजूनं त्या घरात कुणी उभं राहिलं नव्हतं. मनात आलं नाही तर तेही करू नये. भावाला मी तिनं सांगितलेलं काही सांगितलं नाही, सांगणं माझं कामही नव्हतं. एवढंच म्हटलं की तुमचा विधी यथासांग होईल, बहिणीच्या न येण्यानं त्यात उणं राहत नाही, आणि आज जेवताना तिचा विषय काढू नका.

या बाबतीत परंपरेचा आधार नाही असं कुणी म्हणू नये. आपली शास्त्रं आपण समजतो त्याहून दयाळू आहेत. सगळे उपचार जमत नसतील तर शिजवलेल्या अन्नाऐवजी शिधा द्यावा, तोही नसेल तर द्रव्य द्यावं, असे पर्याय त्यात आहेत. विष्णुपुराणात तर ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठी सांगितलं आहे की त्यानं रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि माझ्यापाशी द्यायला काही नाही, माझ्या भक्तीनं तृप्त व्हा, असं पितरांना सांगावं. रिकाम्या हातांचं श्राद्ध जिथे मान्य आहे, तिथे थकलेल्या, दुखावलेल्या मनालाही थारा असणारच, असं मी मानते.

मुलींच्या अधिकाराचा वादही दर वर्षी कुठे ना कुठे निघतो. भाऊ नाही, किंवा भाऊ करायला तयार नाही, आणि मुलीला आईवडिलांचं करायचं आहे. मग कुणीतरी काका हे शास्त्रात बसत नाही म्हणून अडवतात. आईबापांचं शेवटपर्यंत सगळं केलेल्या मुलीला त्या क्षणी जे वाटतं ते दुःखापेक्षा अपमानाच्या जवळचं असतं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला ‘धर्मसिंधु’ आजही पंचांगकर्ते आणि पुरोहित प्रमाण मानतात. श्राद्धाच्या अधिकाऱ्यांच्या क्रमात त्यात पत्नी आहे, कन्या आहे, मुलीचा मुलगाही आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला नातू आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो, हे तर घराघरात माहीत असतं. मी हे शांतपणे सांगते आणि मुलीला पाटावर बसवते. माझ्या मते भाऊ असला तरी बहिणीनं शेजारी बसून पाणी सोडायला काहीच हरकत नाही, आणि आमच्या पद्धतीत आम्ही तसं करतो.

कावळ्याचंही बोललं पाहिजे. गच्चीवर पान ठेवलं आणि कावळा आला नाही की घरातले सगळे घाबरतात. काहीतरी इच्छा राहिली, काहीतरी चुकलं, अशी कुजबुज सुरू होते आणि ज्याच्या मनात आधीच अपराधीपणा आहे त्याचा चेहरा उतरतो. वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलेला एक मुलगा कावळ्याची वाट पाहत गच्चीवर उन्हात किती वेळ हात जोडून उभा होता! पक्षात शहरातल्या प्रत्येक गच्चीवर खीर-वडे ठेवलेले असतात. कावळ्यांची पोटं भरलेली असतात. घास गाईला द्या, उपाशी माणसाला द्या. त्या मुलाला मी खाली आणलं आणि पान वाढून बसवलं. वृद्धाश्रमात तो दर रविवारी जात होता, वडिलांच्या आवडीचे मुगाचे लाडू नेत होता, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. त्यानं स्वतः ते सांगितलं नव्हतं.

आईवडिलांचे दिवस काही पक्षातच येत नाहीत. पक्षाच्या आधी श्रावणातल्या अमावास्येला पिठोरी येते, तिलाच आपण मातृदिन म्हणतो. आई डोक्यावर वाण घेऊन ‘अतीत कोण?’ विचारते, आणि मागे उभं असलेलं मूल स्वतःचं नाव सांगून ते घेतं. ज्या बाईचं मूल गेलं तिला हा प्रश्न विचारायचा कसा, आणि ज्या मुलाची आई गेली त्यानं उत्तर कुणाला द्यायचं? अशा घरांतून मला विचारणा होते. मूल गेलेल्या आयांना मी सांगते की व्रत सोडायचं असेल तर खुशाल सोडा, आणि करायचं असेल तर गेलेल्या लेकराचं नाव मोठ्यानं घ्या, घरानं ते ऐकावं. आई नसलेल्या मुलांसाठी आत्या, मावशी, आजी, किंवा बापानंही वाण धरावं. हाक मारणारं कुणीतरी आहे, हे त्या मुलाला कळणं महत्त्वाचं.

मे महिन्यातला दुसरा रविवार आता आपल्याकडेही मदर्स डे म्हणून रुळला आहे. त्या दिवशी मला काही फोन असे येतात ज्यांत विधीबद्दल काहीच विचारायचं नसतं. सकाळपासून प्रत्येकाच्या स्टेटसवर आईचा फोटो पाहून ज्यांचा जीव घुसमटतो, अशी ती माणसं असतात. कुणाची आई नुकतीच गेलेली असते, कुणाची आई हयात असून बोलत नसते. त्यांना मी या दिवसाचा उगम सांगते. अमेरिकेतल्या ॲना जार्व्हिस यांनी १९०५ मध्ये आई गेल्यावर तिच्या स्मरणासाठी हा दिवस सुरू करायचा ध्यास घेतला. १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये पहिली प्रार्थना झाली आणि १९१४ मध्ये तो दिवस अधिकृत ठरला. पुढे त्याचा बाजार झालेला पाहून त्याच बाईंनी त्याविरुद्ध आयुष्यभर लढा दिला. आई गेल्याच्या दुःखातून निघालेला हा दिवस आहे. त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं तर त्यात काही वावगं नाही.

मी आता पक्षाचं काम घेताना यजमानांशी आधी थोडं बोलून घेते. काय आणायचं याची यादी देते, आणि मग विचारते की मनात काही अडतंय का. बहुतेक जण नाही म्हणतात. काही जण थोडं थांबतात आणि बोलू लागतात. त्यांना मी ज्या गोष्टी सांगते त्या इथे लिहिते, कारण त्या अनेकांना उपयोगी पडल्या आहेत.

विधीला कोण हजर असावं हे तुम्ही ठरवा. ज्यांच्या नुसत्या असण्यानं तुमचा जीव आक्रसतो त्यांना जेवणाच्या वेळेला बोलवा. अर्ध्यात उठावंसं वाटलं तर उठा, पाणी पिऊन या, मी थांबते. फोटो आणि चित्रीकरण नको. आईवडिलांविषयी चार शब्द बोला असा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणायला संकोच करू नका. बोलायचंच असेल तर खरं बोला. ‘बाबा तापट होते, आम्ही त्यांना घाबरायचो, पण पहाटे उठून ते आमचे डबे भरायचे,’ असं एका मुलीनं सांगितलं होतं, आणि त्या घरातली सगळी माणसं मान डोलावत होती. दुपारनंतर एकटे राहू नका. त्या दिवशी ऑफिस ठेवू नका, आणि ठेवलंच तर कुणाला तरी सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते. ज्या मंत्रांनी पितरांना बोलावतो, त्यांच्याइतकेच निरोपाचे मंत्रही महत्त्वाचे आहेत. ते घाईत उरकू नका. दिवस ठरलेला असण्याचा हाच मोठा लाभ आहे. राग, खंत, आठवण, जे असेल ते या दिवशी यावं, समोर बसावं, पाणी घ्यावं आणि जावं. वर्षभर रोज त्यांच्याशी भांडायची किंवा त्यांची माफी मागायची गरज नाही. पुढच्या भाद्रपदात पुन्हा भेट आहेच. अनेक यजमान दर वर्षी मला तेच वाक्य ऐकवतात, की आज बरं वाटलं. पहिल्या वर्षी ज्यांना पाटावर बसवत नव्हतं, ते पाच-सहा वर्षांनी वडिलांची एखादी लकब सांगून हसतात. सगळेच हसू शकतात असं नाही, आणि हसावंच असं नाही.

गावाकडे या दिवसांत भावकीतल्या एखाद्याला पितर म्हणून जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, त्याला पोटभर वाढतात. जो गेला त्याच्या जागी जिवंत माणूस बसवून त्याला जेवू घालणं, याहून सुंदर रीत मला माहीत नाही. विधीवर विश्वास नसलेली माणसंही हे करू शकतात. कुणी या पंधरवड्यात रक्तदान करतं, कुणी आईच्या नावानं एखाद्या मुलीची फी भरतं. तेही श्राद्धच आहे असं मी मोकळेपणानं सांगते.

यंदा सर्वपित्रीला तुमच्या घरी कुणी गप्प बसलं, कुणी आलंच नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही किंवा कुणाचं थांबलंच नाही, तर कारण विचारू नका. त्याचं पान वाढा आणि आग्रह न करता जेवू द्या. आईवडील देवासमान असतात हे त्या दिवशी त्याला ऐकवू नका, त्यानं ते आयुष्यभर ऐकलेलं आहे. आणि तुम्ही स्वतःच ते गप्प बसलेलं माणूस असाल, तर एक पुरोहित म्हणून माझा शब्द घ्या: मनात राग असला तरी पाटावर बसायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि बसवत नसेल तर न बसण्याचाही.